वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचं खाणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी घरांतून बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला शब्द ‘किती’ असतो. पण ‘आधी काय’ आणि ‘किती वेळात’ यांकडे दुर्लक्ष झालं की मोजून खाल्लेलंही उलटतं, म्हणून उत्तरांत वाटीइतकंच घड्याळही येईल. तुमच्या सर्जननी दिलेला लेखी आहारतक्ता यापेक्षा वेगळा असेल तर तोच पाळा. पोटात नेमकं काय केलं आहे ते त्यांना माहीत असतं.

१. स्लीव्ह आणि बायपास, दोन्हींत खाण्याच्या दृष्टीने फरक काय?

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. तिच्यात जेमतेम १०० ते १५० मिली मावतं. भुकेची जाणीव वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीचे महिने भूक जवळजवळ लागतच नाही.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची पिशवी करतात आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून ती पुढच्या भागाला जोडतात. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः त्या वगळलेल्या भागात शोषलं जातं, त्यामुळे गोळ्यांना इथे अजिबात सुट्टी नाही (प्रश्न १३). गोड खाल्ल्यावर होणारा त्रासही बायपासवाल्यांना जास्त होतो (प्रश्न ११). मिनी बायपास झाला असेल तर बायपासचेच नियम, आणि तेही काटेकोरपणे. पहिल्या दोन महिन्यांचं खाणं मात्र सगळ्यांचं जवळपास सारखंच असतं.

२. घरी आल्यावर कोणत्या आठवड्यात काय खायचं?

पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ : गाळलेलं मुगाचं कढण, पातळ ताक, साय काढलेलं दूध, भाज्यांचं गाळलेलं सूप, दुधात किंवा पाण्यात कालवलेली प्रोटीन पावडर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेलं अन्न : घट्ट वरण, मिक्सरमधून काढलेली मुगाची खिचडी, चक्क्यासारखं दही, दुधात वाटलेलं पनीर. चमचा तिरका केला की अन्न सावकाश घसरलं पाहिजे आणि जिभेवर एकही कण लागता कामा नये, ही त्याची खूण.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ पण चावता येईल असं : पिठलं, मुगाचं मऊ धिरडं, ओलसर पनीर भुर्जी, दुधी किंवा दोडक्याची मऊ भाजी, अंडं चालत असेल तर मऊ उकडलेलं. सातव्या-आठव्या आठवड्यापासून घरचं नेहमीचं जेवण एकेक पदार्थ करत सुरू करायचं. एका दिवशी एकच नवा पदार्थ, म्हणजे काय सोसलं नाही ते कळतं. पोळी, मोकळा भात आणि कच्ची कोशिंबीर सगळ्यांत शेवटी.

फोडणी पहिला महिना हिंग-जिऱ्याचीच ठेवा, लाल तिखट नको.

चूक बहुधा तिसऱ्या आठवड्यात होते. दुखणं थांबलेलं असतं, दूरबिणीच्या शस्त्रक्रियेमुळे पोटावर चार-पाच छोट्या खुणांपलीकडे काही दिसत नाही आणि माणूस पोळीचा तुकडा तोंडात टाकतो. बाहेरची जखम भरली तरी आतली शिवण ओलीच असते आणि भोवती सूजही असते.

३. एका वेळी किती? आमच्याकडच्या वाट्या लहान-मोठ्या आहेत.

म्हणूनच आधी वाटी मोजा. एकाच घरात एक वाटी १२० मिलीची आणि दुसरी २०० ची निघते. औषधाच्या बाटलीवर मिलीच्या खुणा असलेलं टोपण येतं, त्याने वाटीत पाणी घाला : १० मिलीची सहा टोपणं म्हणजे ६० मिली. पाणी जिथे येईल तिथे बाहेरून नेलपॉलिशचा ठिपका द्या. पुढे १२० चा दुसरा ठिपका. ही वाटी फक्त तुमची.

मापं साधारण अशी. पहिले दोन आठवडे एका वेळी ३० मिली, तेही दहा-पंधरा मिनिटं घोट-घोट. तिसरा-चौथा आठवडा ५० ते ६० मिली, म्हणजे चार मोठे चमचे. दुसरा-तिसरा महिना ९० ते १२०. चौथ्यापासून सहाव्यापर्यंत १२० ते १८०. वर्षाच्या सुमारास २०० ते २५० मिलीवर बहुतेकांचं माप स्थिरावतं. दिवसाची जेवणं सुरुवातीला पाच-सहा, पुढे तीन आणि मध्ये एक प्रथिनांचं खाणं.

आकडा ही वरची हद्द आहे, उद्दिष्ट नाही. उचकी, शिंक, नाकातून पाणी, छातीखाली दाब : यांतली पहिली खूण दिसली की चमचा खाली ठेवायचा. पानात टाकू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं आणि उरलेले दोन घास ‘संपवून टाकण्यात’च उलटी होते. मुळात वाढूनच कमी घ्या. उरलं तर झाकून फ्रिजमध्ये.

४. एवढंसं खायला अर्धा तास कसा लागेल?

लागतो, आणि लागलाच पाहिजे. चहाचा चमचा घ्या, घास भिजलेल्या हरभऱ्याएवढा ठेवा, वीस-पंचवीस वेळा चावा आणि गिळल्यावर मिनिटभर थांबा. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जायला वीसेक मिनिटं लागतात. नव्या पोटात तेवढ्या वेळात जागा संपलेली असते, म्हणून भरभर खाणाऱ्याला ‘पोट भरलं’ हे दुखायला लागल्यावरच कळतं. तीस मिनिटं झाली की मात्र वाटी उचला. तासभर एकच वाटी घेऊन बसलं की त्याचं चरणं, म्हणजे सतत थोडंथोडं खात राहणं होतं (प्रश्न २१).

५. जेवताना पाणी का नाही? आणि मग दिवसाचं पाणी कधी प्यायचं?

पाण्याने अन्न पातळ होऊन लवकर पुढे सरकतं, मग तासाभरात पुन्हा काही खावंसं वाटतं. पहिल्या महिन्यांत याच्या उलटही होतं : अन्नावर पाणी पडलं की जागा पुरत नाही आणि उलटी होते. जेवणाआधी १५ मिनिटं थांबायचं, जेवल्यावर ३० मिनिटं काही प्यायचं नाही.

दिवसाला दीड ते दोन लिटर हवंच. एका दमात ते जाणार नाही, म्हणून हिशोब तासावर ठेवा : जेवणाच्या वेळा वगळून बारा तास मिळतात, दर तासाला १५० मिली म्हणजे १८०० झाले. लिटरच्या बाटलीवर वेळेच्या खुणा करून ठेवा. एप्रिल-मे मध्ये इंदूरचा पारा चाळिशीपार जातो आणि शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असते, तेव्हा तहान लागण्याची वाट बघत बसू नका. लघवी गडद पिवळी झाली, उठल्यावर चक्कर आली, की पाणी कमी पडतंय. पहिल्या महिन्यात परत दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

ताक, पातळ सूप, साखर नसलेलं लिंबूपाणी पाण्यात मोजा. सोडा आणि कोल्ड्रिंक नको, गॅसने पोट ताणून दुखतं. इंदूरची शिकंजी पाण्यात धरू नका. नाव लिंबाच्या सरबतासारखं असलं तरी इथे ती आटवलेल्या दुधाची, साखर आणि सुक्या मेव्याची असते, म्हणजे पक्वान्नच.

६. आम्ही शाकाहारी. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं कुठून आणायची?

रोज ६० ते ८० ग्रॅम हे साधारण लक्ष्य असतं. ते गाठलं नाही तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, अशक्तपणा येतो आणि केस गळतात. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील.) अंदाजासाठी : १०० ग्रॅम पनीर १८ ग्रॅम, २०० मिली दूध साडेसहा, १०० ग्रॅम दही साडेतीन-चार, दीडशे मिलीची वाटीभर घट्ट वरण सहा-सात, १५ ग्रॅम कोरडे सोया ग्रॅन्यूल्स जवळपास आठ, एक अंडं सहा.

तिसऱ्या महिन्यातला एक दिवस असा बसतो. सकाळी १५० मिली दुधात एक माप प्रोटीन पावडर, २७ ग्रॅम. दहाला ५० ग्रॅम पनीरची भुर्जी, ९. दुपारी अर्धी वाटी घट्ट वरण आणि ५० ग्रॅम दही, ६. चारला १५० मिली दुधात दोन चमचे दूध पावडर, १०. रात्री मुगाच्या खिचडीत १५ ग्रॅम भिजवून वाटलेले सोया ग्रॅन्यूल्स, १०. एकूण ६२. प्रोटीन पावडर काढून टाकली तर हाच दिवस ४० वर येतो, आणि म्हणून सुरुवातीचे महिने ती टाळू नये असं आम्ही आग्रहाने सांगतो.

ताटातला क्रम ठरलेला : आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर धान्य. आपला वरणभात नेहमी भातावर वरण असा असतो. तो उलटा करा : चार चमचे घट्ट वरण, एक चमचा भात.

७. प्रोटीन पावडर कोणती? दुधात गुठळ्या होतात आणि पोट बिघडतं.

डब्यामागचा तक्ता वाचा : एका मापात किमान २० ग्रॅम प्रथिनं, साखर ५ ग्रॅमच्या आत. ‘आरोग्यपेय’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच चॉकलेटी पावडरींत प्रथिनांपेक्षा साखर जास्त असते. पोट फुगून जुलाब होत असतील तर दुधातली साखर सोसत नसेल, हे बायपासनंतर नव्यानेही सुरू होतं. मग व्हे आयसोलेट (दुधातली साखर जवळपास काढून टाकलेली प्रोटीन पावडर) किंवा सोयाची पावडर पाण्यात घ्या. दही आणि पनीर अशांनाही बहुधा चालतं.

गुठळ्या होतात त्या पावडर थेट गरम दुधात टाकल्यामुळे. आधी दोन चमचे गार पाण्यात गुळगुळीत कालवा, मग कोमट दूध घाला. उकळतं नको.

८. घास छातीत अडकल्यासारखा होतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते. काय करायचं?

खाणं तिथेच थांबवा, उभे राहा, घरातल्या घरात फेऱ्या मारा. वरून पाणी पिऊन घास ढकलायला जाऊ नका, पाणीही वर येतं. मोकळं झाल्यावर पुढचे चार-सहा तास फक्त पातळ, दुसऱ्या दिवशी घोटलेलं, मग पुन्हा नेहमीचं.

अडकणारे पदार्थ ठरलेले आहेत : गार पोळी, मऊ पाव, चिकट भात, तव्यावर कोरडं झालेलं पनीर, भुट्ट्याचे दाणे, संत्र्याच्या फोडीचा पापुद्रा. पावाचं आश्चर्य वाटतं, पण तो लाळेत गोळा होऊन बसतो. त्यापेक्षा कुरकुरीत भाजलेला बरा.

आज पोळी अडकली, पुढच्या आठवड्यात खिचडी, त्यानंतर वरणही, असं होत गेलं तर ती चावण्यातली चूक नव्हे. जोडाची जागा आकसली असू शकते. बायपासनंतर हे बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतं आणि एन्डोस्कोपीने फुग्याच्या साहाय्याने ती जागा रुंद करता येते. लगेच दाखवा.

९. पोळी कधीपासून?

दोन महिन्यांनंतर. आधी पाव फुलका, तोही गरम, वरणात कुस्करून. सोसला तर आठवड्याने कोरडा तुकडा. काहींना सहा महिने पोळी जात नाही पण ज्वारीची पातळ भाकरी दुधात चालते. त्यात काळजीचं काही नाही. पोळी नाही गेली म्हणून प्रथिनं कमी पडत नाहीत.

१०. इंदूरमध्ये राहून पोहे-जलेबी कायमचीच सोडायची?

पोहे नाही. इथले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, तेल कमी, दाणा मऊ, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चार चमचे बहुतेकांना सोसतात. अडचण वेगळी आहे. एवढ्याशा पोह्यांत प्रथिनं ग्रॅम-दीड ग्रॅमच, आणि पोट तर भरलं. आधी दही किंवा पनीर खा, मग पोहे. वरची शेव बाजूला काढा. शेव चावली की तिचं पीठ होऊन सरकन खाली उतरतं, पोट भरल्याची जाणीवच होत नाही. पन्नास ग्रॅम शेव संपते आणि अडीचशेच्या वर कॅलरी गेलेल्या असतात. जिरावण (पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला) तिसऱ्या महिन्यापासून चिमूटभर.

जलेबी पहिलं वर्ष नको. बायपासवाल्यांनी त्यापुढेही नको (प्रश्न ११).

दाल-बाफल्यातली दाल घ्या, बाफला राहू द्या. उकडून, भाजून तुपात बुडवलेला तो कणकेचा घट्ट गोळा सहा महिन्यांआधी खाणं म्हणजे प्रश्न ८ ला आमंत्रण. भुट्ट्याचा कीस दुधात शिजलेला असला तरी सालं असतातच. तिसऱ्या महिन्यानंतर दोन चमचे, घरचा, बारीक किसलेला. थंडीतला तळलेला गराडू (हा एक कंद) कोरडा आणि चिवट असतो, तो पुढच्या वर्षीच्या थंडीसाठी ठेवा.

सराफ्यात जायला हरकत नाही, पण ती खाऊगल्ली रात्री सराफांच्या पेढ्या बंद झाल्यावर भरते आणि घरी येऊन माणूस आडवा होतो. स्लीव्हनंतर आंबट पाणी वर येण्याचा त्रास बऱ्याच जणांना असतो. शेवटचा घास आणि झोप यांत किमान दोन-तीन तास हवेत. घरून जेवून निघा, तिथे फिरा.

११. गोड खाल्लं की घाम फुटतो, धडधडतं, जुलाब होतात. हे काय?

याला डम्पिंग म्हणतात. साखर भरभर लहान आतड्यात उतरते, ती आपल्याकडे पाणी ओढते आणि दहा ते तीस मिनिटांत कळा, मळमळ, घाम, धडधड, जुलाब सुरू होतात. आडवं होऊन पडावं, तासाभरात निवळतं.

दुसरा प्रकार जेवणानंतर एक ते तीन तासांनी येतो : हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी, सपाटून भूक. इथे साखरेच्या उसळीला उत्तर म्हणून इन्शुलिन जास्त सुटतं आणि रक्तातली साखर पडते. ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि साखर वर आली की पनीर किंवा शेंगदाणे असं काही प्रथिनांचं. नुसत्या गोडावर थांबलात तर दोन तासांनी पुन्हा तेच. हा दुसरा प्रकार बहुधा वर्ष उलटून गेल्यावर उपटतो, तेव्हा लोक त्याचा शस्त्रक्रियेशी संबंधच लावत नाहीत. वारंवार होत असेल तर मोजलेले आकडे आणि त्याआधी काय खाल्लं ते लिहून डॉक्टरांना दाखवा.

उसाचा रस, आंब्याचा रस, बासुंदी हे पातळ गोड सगळ्यांत जास्त त्रास देतात. गूळ आणि मध यांना सवलत नाही.

१२. एकादशी, चतुर्थी, हरतालिका : उपास केव्हापासून धरता येतील?

पहिले सहा महिने एकही नाही. त्यानंतरही निर्जळी नको, हरतालिकेचासुद्धा. एका दमात भरपूर पाणी पिता येत नसल्याने दिवसभराची कसर रात्री भरून निघत नाही.

उपासाच्या ताटाची खरी अडचण साबुदाणा आहे. तो जवळपास निव्वळ पिष्ट, वर चिकट, त्यामुळे अडकतोही. त्याऐवजी दही, दूध, पनीर, दुधातल्या राजगिऱ्याच्या लाह्या, किंवा दोन चमचे वरईवर घट्ट दाण्याची आमटी. गोळ्या उपासालाही घ्यायच्याच. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्यासाठी सांगतो, आजारपणात उपास न धरण्याची मोकळीक आपल्या परंपरेतच आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधी सांगून ठेवलं की ऐन दिवशी वाद होत नाही.

१३. एवढ्या गोळ्या, कोणती कधी? आणि किती दिवस?

आयुष्यभर, स्लीव्ह झाली असली तरी. साधारण प्रमाणं : कॅल्शियम सायट्रेट १२०० ते १५०० मिग्रॅ, एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नाही कारण शोषलंच जात नाही. बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. डी-३ रोज ३००० युनिट, रक्तातली पातळी बघून बदलतात. लोह पाळी येणाऱ्या स्त्रिया आणि बायपासवाल्यांना ४५ ते ६० मिग्रॅ. शिवाय मल्टीव्हिटामिन, त्यात थायमिन म्हणजे बी-१ आहे ना ते बघा.

घोटाळा वेळेचा होतो. लोह आणि कॅल्शियम एकमेकांना अडवतात, दोन तासांचं अंतर हवं. चहा लोह अडवतो, किमान एक तास हवा. बसेल असा क्रम : न्याहारीनंतर मल्टीव्हिटामिन, अकराला, चारला आणि साडेसातला कॅल्शियम, रात्री दहाला झोपताना लिंबाच्या पाण्याबरोबर लोह. मल्टीव्हिटामिनमध्येही लोह असतं, म्हणून सकाळचा चहा आधी तासभर उरकायचा.

कॅल्शियम कार्बोनेट स्वस्त पडतं, पण त्याला आम्ल लागतं आणि ते आता कमी आहे. चघळायच्या जेलीसारख्या गोळ्यांत बहुधा लोह नसतं. रक्ताच्या तपासण्या तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी. ‘बरं वाटतंय’ म्हणून टाळू नका : बी-१२ चा शरीरातला साठा काही वर्षं पुरू शकतो आणि मग हातापायांना मुंग्या येतात, तोवर नसांना इजा झालेली असते.

१४. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळताहेत. टक्कल पडेल का?

नाही. शस्त्रक्रियेचा ताण आणि झपाट्याने उतरणारं वजन यांमुळे बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या टप्प्यात जातात आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात. मुळं शाबूत असतात, वर्षभरात परत येतात. प्रथिनं आणि लोह मात्र पुरं हवं. वर्षानंतरही गळत असतील तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), झिंक आणि थायरॉइड तपासा. नुसत्या बायोटिनने हे थांबत नाही.

१५. शौचाला चार-चार दिवस होत नाही.

खाणं कमी म्हणजे मळही कमी, दोन-तीन दिवसांनी होणं चालतं. खडा होत असेल तर आधी पाणी मोजा, मग शिजवलेली भाजी, पपई. इसबगोल पहिले दोन महिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाणी कमी असेल तर ते फुगून अडकतं.

१६. साखरेच्या, रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या का?

स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नका आणि बंदही करू नका. खाणं एवढं कमी झालेलं असताना इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी जुन्याच मात्रेत घेतली तर साखर धोकादायक पडू शकते. रोज दोनदा मोजून आकडे कळवा. रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असेल तर तेही लगेच विचारून घ्या. लांब मुदतीने विरघळणाऱ्या गोळ्या कुटू नका.

अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घरातल्या डब्यातून काढून ठेवा. बायपासच्या जोडावर त्याने व्रण होतो, फुटूही शकतो. दाताच्या डॉक्टरांनाही हे आधी सांगायचं.

१७. तिसऱ्या आठवड्यात वजन हललंच नाही. काही चुकलं का?

बहुधा नाही. सुरुवातीचं घटलेलं वजन बरंचसं पाण्याचं असतं, मग काटा आठ-पंधरा दिवस थांबतो. खाणं आणखी कमी करू नका. आठवड्यातून एकदाच, एकाच वाराला वजन करा.

१८. चहा, तंबाखू, दारू?

चहा महिन्याभराने, अर्धा कप, बिनसाखरेचा, जेवण आणि लोह यांपासून लांब. सोबतची खारी-बिस्किटं चहापेक्षा जास्त नुकसान करतात. सिगारेट, तंबाखू, गुटखा कायमचा बंद, जोडावरचे व्रण यानेही होतात आणि भरत नाहीत. दारू आता भरभर आणि जास्त चढते, पूर्वीच्या अंदाजाने एक पेग घेऊन गाडी चालवणं जिवावर बेतेल. पहिलं वर्ष अजिबात नको.

१९. लग्नाच्या पंगतीत, गणपतीत आग्रह होतो. सासूबाईंना वाईट वाटतं. काय सांगू?

‘नको’ म्हटलं की आग्रह वाढतो, काम दिलं की थांबतो. “आई, श्रीखंड राहू द्या, मला आधी दोन चमचे वरण वाढा” म्हटलं की वाढणाऱ्याला काहीतरी वाढल्याचं समाधान मिळतं आणि तुमचा क्रमही सांभाळला जातो. ताटलीऐवजी वाटी हातात घ्या. भरलेली लहान वाटी रिकामी दिसत नाही. मोदक असेल तर प्रसाद म्हणून अर्ध्या चमच्याएवढं सारण, जेवणाच्या शेवटी. बायपासनंतर डम्पिंग होत असेल तर तेवढंही नको.

२०. शस्त्रक्रियेनंतर दिवस राहिले तर?

बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची, कारण वजन झपाट्याने उतरत असताना बाळालाही पोषण कमी पडतं. वजन घटलं की थांबलेली पाळी सुरू होते आणि अनपेक्षितपणे दिवस राहतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाईल याचा भरवसा नाही, दुसरा उपाय विचारून घ्या. तरीही दिवस राहिले तर घाबरू नका, त्याच आठवड्यात सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही कळवा. गरोदरपणात ग्लुकोजचं पाणी पाजून करतात ती साखरेची चाचणी बायपासवाल्यांना सोसत नाही, घरी मोजलेले आकडे दाखवून पर्याय मागा.

२१. दोन वर्षं झाली. पूर्वी पाव पोळीत भरायचं, आता दोन जातात, वजनही चार किलो वाढलं. पोट ताणलं गेलं का?

थोडं माप वाढणं अपेक्षितच आहे, सूज उतरते आणि पोट मऊ होतं. आधी मोजून बघा. नेलपॉलिशच्या ठिपक्यांची वाटी काढा, तिने मोजून २५० मिली घट्ट जेवण घ्या : भुर्जी किंवा उसळ, पाण्याशिवाय, वीस मिनिटांत. त्यातच पोट भरलं तर पोट ठीक आहे, वाढ जेवणांच्या मधल्या खाण्यातून आली आहे. शेव, चिवडा, बिस्किटं, चहाबरोबरची खारी, रात्रीचं आइसक्रीम. तीन दिवस तोंडात जाणारं सगळं लिहून काढा, स्वयंपाक करताना चाखलेलं आणि मुलांच्या ताटातलं उरलेलंसुद्धा. जेवताना पाणी पुन्हा सुरू झालंय का तेही बघा (प्रश्न ५). दोन पोळ्या ‘जातात’ त्या बहुधा पातळ आमटीत बुडवून, नाहीतर मध्ये पाणी पिऊन.

अडीचशे मिली घट्ट जेवणाने काहीच जाणवलं नाही तर सर्जनना दाखवा. बेरियमचा घोट (पांढरं औषध पाजून काढलेला एक्स-रे) किंवा एन्डोस्कोपी करून पिशवी आणि जोड बघता येतो. घरच्या घरी पाच दिवस नुसत्या द्रवावर राहून ‘पोट पुन्हा लहान करण्याचे’ उपाय फिरत असतात. पोट त्याने लहान होत नाही, प्रथिनं मात्र बुडतात.

२२. कोणत्या खुणा दिसल्या तर रात्रीच दवाखाना गाठायचा?

पहिल्या महिन्यात : आराम करतानाही नाडी मिनिटाला १२० च्या वर, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप. शिवणीतून गळती झाल्याची ही लक्षणं असू शकतात आणि नाडी बहुधा तापाच्या आधी वाढते. एका पोटरीला सूज व दुखणं, किंवा अचानक छातीत दुखून दम लागणं हे रक्ताच्या गुठळीचं लक्षण असू शकतं.

केव्हाही : काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, चोवीस तास पाणीही न टिकणं. बायपासनंतर कळा येऊन पोट घट्ट होणं, अगदी वर्षांनंतरही, आतड्याला पीळ किंवा अडकण असू शकते. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर पित्ताचे खडे तपासायचे. झपाट्याने वजन उतरताना ते होतात, म्हणून पहिले सहा महिने त्यासाठीची गोळी दिली असेल तर चुकवू नका.

एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवायची. बरेच दिवस उलट्या होत असलेल्या माणसाला एकाची दोन दिसायला लागली, चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात घोळ झाला, तर तो अशक्तपणा समजू नका. बी-१ संपल्याची ती खूण आहे. दवाखान्यात पोचताच सांगा, “पोटाची वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, उलट्या होताहेत, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या.” बी-१ नसताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूची इजा वाढू शकते. शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी पाकिटात आधार कार्डाच्या मागे ठेवा, फोनमध्येही तिचा फोटो असू द्या.